लॅक्रॉसमधले नवे शॉट कसे शिकावेत

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलण्याचा, फेकण्याचा आणि गोलमध्ये मारण्याचा खेळ. त्यात नवा शॉट शिकायला घेतलेली बहुतेक मुले आधी वेगाच्या मागे लागतात. पॉल रेबिल या अमेरिकी व्यावसायिक खेळाडूने वेगवान शॉटच्या स्पर्धेत ताशी १११ मैल, म्हणजे जवळपास १७९ किलोमीटर वेगाने चेंडू मारला होता, आणि असे आकडे कानावर पडले की घरामागच्या गोलवर सगळा जोर काढून पाहावा असे कोणालाही वाटणारच. परंतु चेंडू कुठे जाणार हे मारणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर तो वेग सामन्यात फारसा उपयोगी पडत नाही. नवा शॉट शिकणे म्हणजे चेंडू स्टिकच्या जाळीतून केव्हा सुटतो, तो क्षण आपल्या ताब्यात आणणे, असे माझे ठाम मत आहे. पाय, कंबर, खांदे, मनगटे आणि स्टिकची जाळी यांच्याविषयी जे काही सांगितले जाते, ते सगळे शेवटी त्या एका क्षणासाठी असते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुले आता शाळेत हा खेळ खेळू लागली आहेत. मेरीलँडने तर २००४ साली लॅक्रॉसला राज्याचा अधिकृत सांघिक खेळ ठरवले. १९०४ आणि १९०८ नंतर २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पदकासाठी परतणार आहे, त्यामुळे भारतातही त्याच्याविषयी कुतूहल वाढते आहे. ज्यांना चेंडू झेलणे, जोडीदाराकडे फेकणे आणि धावताना क्रेडल करत, म्हणजे स्टिक हलकेच झुलवत, तो जाळीत धरून ठेवणे जमते, पण शॉट एकाच साच्याचा आहे, अशा खेळाडूंना हे लेखन उपयोगी पडावे.

चेंडू कुठे चुकतो ते आधी वाचा

स्टिकमधून चेंडू सुटतो तो गोफणीतून दगड सुटावा तसा: ज्या क्षणी सुटला, त्या क्षणी स्टिकचे टोक ज्या दिशेने फिरत होते, ती दिशा तो धरतो. हे ध्यानात आले की चुकलेला प्रत्येक शॉट काहीतरी सांगू लागतो.

डोक्यावरून मारलेल्या ओव्हरहँड शॉटमध्ये चेंडू लवकर सुटला तर तो वर जातो, उशिरा सुटला तर जमिनीकडे जातो. कमरेच्या उंचीवरून आडव्या फिरणाऱ्या साइडआर्म शॉटमध्ये हीच चूक आडवी दिसते. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू लवकर सुटला तर उजवीकडे आणि उशिरा सुटला तर डावीकडे भरकटतो. खालून वर येणाऱ्या अंडरहँडमध्ये मात्र सगळे उलटे होते, म्हणजे लवकर सुटलेला चेंडू जमिनीवर आपटतो आणि उशिरा सुटलेला आडव्या खांबावरून निघून जातो. ओव्हरहँड पक्का झालेली मुले अंडरहँड शिकताना गोंधळतात त्याचे कारण हेच आहे. चेंडू वर गेला की स्टिक आणखी धरून ठेवायची, ही त्यांची सवय असते आणि अंडरहँडमध्ये त्या सवयीने चेंडू अधिकच वर जातो.

म्हणून सरावात नुसते ‘गेला’ किंवा ‘चुकला’ असे न म्हणता, कोणत्या बाजूला चुकला हे दर वेळी मोठ्याने म्हणावे. फोनवर बाजूने संथ गतीचे चित्रण केले तर चेंडू सुटताना स्टिकचे टोक कुठे होते ते स्पष्ट दिसते.

जाळीची तपासणी

शॉटमध्ये सुधारणा करण्यापूर्वी पॉकेट, म्हणजे चेंडू जिथे बसतो तो जाळीचा खळगा, नीट पाहिला पाहिजे. खळगा जितका खोल आणि वरच्या आडव्या दोऱ्या जितक्या घट्ट, तितका चेंडू जाळीत जास्त वेळ अडकतो आणि उशिरा सुटतो. एखाद्या मुलाचे ओव्हरहँड शॉट सतत पायाशी पडत असतील आणि त्याच स्टिकने मारलेले अंडरहँड सतत वर जात असतील, तर दोष हाताचा नसून जाळीचा आहे असे खुशाल समजावे. दोन्ही लक्षणांचे कारण एकच, चेंडू उशिरा सुटणे. अशा वेळी वरची दोरी थोडी सैल करावी किंवा खळगा उथळ करावा, आणि एका वेळी एकच बदल करून भिंतीवर चेंडू मारून पाहावा.

कानाचाही उपयोग होतो. नीट सुटणारा चेंडू वरच्या दोरीला घासून एकच हलका ‘टक्’ असा आवाज करतो. दोन आवाज आले किंवा मध्येच झटका जाणवला, तर चेंडू कुठेतरी अडखळतो आहे. मऊ जाळी पावसात भिजली की ताणते आणि खळगा खोल होतो. कोरड्या दिवशी बसवलेला शॉट ओल्या मैदानावर बिघडतो तो अनेकदा यामुळे, म्हणून सामन्याआधीच्या वॉर्म-अपमध्ये जाळीची खोली एकदा पाहून घ्यावी. पुरुषांच्या खेळात समोरून आडवी धरलेल्या स्टिकमध्ये चेंडूचा माथा जाळीभोवतालच्या चौकटीच्या बाजूच्या भिंतीच्या खालच्या कडेखाली गेला तर ती स्टिक बेकायदा ठरते. खोल खळग्याच्या मोहात पडणाऱ्यांनी हा नियम विसरू नये.

पाया: उभे राहून मारलेला ओव्हरहँड

कोणताही नवा शॉट या पायावर उभा राहतो, त्यामुळे इथे घाई करू नये. उजव्या हाताच्या खेळाडूने डावा खांदा गोलकडे करून उभे राहावे. उजवा हात वर, डावा हात दांड्याच्या खालच्या टोकाशी, आणि दोन्ही हात छातीपासून दूर व मागे असावेत. नवशिक्यांत सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे कोपरे बरगड्यांना चिकटवून मारणे. तसे केले की स्टिक फिरायला जागाच उरत नाही आणि सगळा भार दंडावर येतो.

डावा पाय गोलच्या दिशेने टाकावा, पण पाऊल नेमके गोलच्या रेषेत न टाकता किंचित डावीकडे टाकावे, म्हणजे कंबर मोकळी फिरते. पाऊल टेकले की आधी कंबर वळते, तिच्यामागून खांदे, मग हात आणि सर्वांत शेवटी मनगटे. हा क्रम मोडला, म्हणजे हात कंबरेच्या आधी निघाले, तर कितीही ताकद लावली तरी चेंडू जड वाटतो. खालचा हात दांडा स्वतःकडे ओढतो, वरचा हात पुढे ढकलतो, आणि ओढणे व ढकलणे एकाच वेळी झाले की टोकाला वेग येतो. ही ओढ अनेक मुले करतच नाहीत. ती वरच्या हाताने नुसती फेक करतात. हे जाणवण्यासाठी वरचा हात सैल ठेवून फक्त खालच्या हाताच्या ओढीवर सहा-सात मीटर अंतरावरून चेंडू भिंतीवर मारून पाहावा. चेंडू सुटल्यावर स्टिक मध्येच थांबवू नये. तिचे टोक लक्ष्याकडे जाऊन मग शरीराच्या दुसऱ्या बाजूला खाली यावे.

हे सगळे आधी अर्ध्या वेगाने करावे. दहापैकी सात-आठ चेंडू ठरवलेल्या कोपऱ्यात जाऊ लागले की वेग थोडा वाढवावा, आणि अचूकता ढासळली की पुन्हा एक पायरी खाली यावे.

साइडआर्म, अंडरहँड आणि टप्प्याचा शॉट

साइडआर्म शिकताना हातांची नवी हालचाल शोधायला जाऊ नये. पाय आणि कंबर तेच काम करतात. फक्त खांद्यांची रेषा तिरकी होते आणि स्टिक उभ्याऐवजी आडव्या पातळीत फिरते. आधी ओव्हरहँड, मग खांदा आणि कान यांच्या मधल्या उंचीचा तिरका शॉट, आणि तो बसल्यावर पूर्ण आडवा, अशा पायऱ्यांनी उतरत यावे. साइडआर्मचा वेग चांगला असतो आणि समोर उभ्या असलेल्या बचावपटूच्या अंगाला वळसा घालून चेंडू मारता येतो, त्यामुळे गोलरक्षकाला चेंडू उशिरा दिसतो. त्याची किंमतही आहे. चूक झाली की चेंडू गोलच्या बाजूने निघून जातो, आणि स्टिक अंगापासून दूर गेल्यामुळे बचावपटूला तिच्यावर घाव घालणे सोपे जाते. मोकळी जागा नसेल तर हा शॉट मारू नये.

अंडरहँडमध्ये गुडघे वाकवून खांदा खाली न्यावा लागतो. उभ्या शरीराने फक्त हात खाली नेणाऱ्याचा चेंडू हवा तिथे क्वचितच जातो. हा शॉट मी शेवटी शिकवतो, कारण सुटण्याच्या क्षणात थोडा फरक पडला तरी परिणाम फार मोठा होतो.

टप्प्याच्या शॉटला मुले कमी लेखतात, आणि मला ते खटकते. गोलरक्षकाला हवेतून आलेल्या चेंडूचा अंदाज बांधता येतो, पण टप्पा पडल्यावर त्याला तोच अंदाज पुन्हा बांधावा लागतो, आणि त्याच्या हातात वेळ फार थोडा असतो. अकरा मीटरवरून ताशी १३० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू सुमारे ०.३ सेकंदांत गोलपाशी पोहोचतो. टप्पा गोलरेषेच्या दीड-दोन मीटर अलीकडे, म्हणजे क्रीजच्या, अर्थात गोलभोवती आखलेल्या वर्तुळाच्या आत पडावा. ओव्हरहँड मारलेला चेंडू उभ्या कोनात आपटून वर उसळतो. साइडआर्मचा चेंडू खाली घसटत जातो आणि ओल्या कृत्रिम गवतावर तर अधिकच. मैदान गवताचे आहे की कृत्रिम, हे टप्पे मारून पाहिल्याशिवाय या शॉटचा भरवसा धरू नये.

धावता शॉट

सामन्यात उभे राहून मारण्याइतकी मोकळीक फार थोड्या वेळा मिळते. धावता शॉट शिकताना एक हिशेब आधी समजून घ्यावा. तुम्ही गोलसमोरून आडवे, सेकंदाला सहा मीटर वेगाने धावत आहात आणि दहा मीटरवरून चेंडू सेकंदाला तीस मीटर वेगाने सरळ गोलकडे मारला, असे समजा. चेंडूला पोहोचायला एक तृतीयांश सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात तुमच्या धावण्याचा वेग त्याला जवळपास दोन मीटर बाजूला नेतो. मैदानी लॅक्रॉसचा गोल १.८३ मीटर रुंद असतो. म्हणजे मधोमध मारलेला चेंडू गोलच्या बाहेर जातो, आणि मुलाला वाटते की आपला हात वळला.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकत्र वापरावेत. शेवटची दोन-तीन पावले गोलच्या दिशेने वळवून आडवा वेग कमी करावा, आणि निशाणा ज्या बाजूकडून तुम्ही धावत आलात त्या बाजूच्या खांबाकडे ठेवावा. पाय पळत राहिले तरी कंबरेच्या वरचा भाग गोलकडे वळलाच पाहिजे. खांदे धावण्याच्या दिशेलाच राहिले तर शॉट फक्त हाताने मारला जातो. आधी चालत, मग संथ धावत आणि शेवटी पूर्ण वेगाने, असा सराव करावा. मेगाफोन घेऊन मैदानाबाहेर उभे राहणारे काही पालक पहिल्याच दिवशी पूर्ण वेग मागतात. त्यांनी कृपया धीर धरावा.

क्रीजजवळचे शॉट आणि हुलकावणी

गोलच्या जवळ क्विक स्टिक कामाला येते: पास आला की क्रेडल न करता त्याच हालचालीत चेंडू गोलमध्ये वळवायचा. इथे मोठा झोका नको. चेंडू झेलताना स्टिक एक वीतभर मागे येऊ द्यावी आणि मनगटाने लगेच परत पाठवावी. भिंतीसमोर तीन-चार मीटरवर उभे राहून, चेंडू जाळीत न थांबवता सलग मारत राहणे हा याचा उत्तम सराव आहे. उजव्या हाताने जितके मारले तितकेच डाव्या हाताने मारावेत. एकच हात चालणाऱ्या खेळाडूला बचावपटू चार मिनिटांत ओळखतो आणि त्या हाताच्या बाजूला वळूच देत नाही.

गोलरक्षक उजव्या हाताचा असेल तर त्याच्या स्टिकचे जाळे त्याच्या उजव्या खांद्याजवळ, म्हणजे मारणाऱ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापाशी असते. तिथे मारलेला चेंडू तो सहज अडवतो. त्याच्या दुसऱ्या बाजूची कंबर आणि त्याखालचा कोपरा त्याला सर्वांत अवघड जातो, कारण तिथे पोहोचायला संपूर्ण स्टिक अंगासमोरून फिरवावी लागते. त्याबरोबर पातळी बदलायला शिकावे. स्टिक वर दाखवून चेंडू खाली, किंवा खाली दाखवून वर. हुलकावणी एकच द्यावी, पण ती खऱ्या शॉटसारखी, खांदे आणि डोळ्यांसकट द्यावी. गोलरक्षक हलला की दुसरी हुलकावणी देत बसू नये, कारण तेवढ्यात बचावपटू येऊन पोहोचतो.

ही कला कॅनडातल्या बॉक्स लॅक्रॉसमध्ये फार पुढे गेली आहे. तिथे बर्फ काढलेल्या हॉकीच्या रिंगणात खेळ होतो आणि पारंपरिक गोल चार फूट रुंद व चार फूट उंच असतो. मैदानी गोल सहा फूट बाय सहा फूट, म्हणजे बॉक्सचे क्षेत्रफळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय जाडजूड संरक्षक पोशाखातला गोलरक्षक त्यातला बहुतेक भाग झाकून टाकतो. तिथे नुसत्या जोराने गोल होत नाही. ब्रिटिश कोलंबियातून आलेला गॅरी गेट हा याच मुशीत घडला. १९८८ साली सिरॅक्यूज विद्यापीठाकडून खेळताना त्याने गोलच्या मागून उडी घेऊन आडव्या खांबावरून चेंडू आत टाकला आणि त्या शॉटला ‘एअर गेट’ असे नाव पडले. जमत असेल तर हिवाळ्यात एखादा हंगाम बॉक्समध्ये खेळावे. नव्या शॉटसाठी याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

पाठीमागून मारायचा बिहाइंड द बॅक शॉट सगळ्यांना हवा असतो. उजव्या हाताचा खेळाडू डावा खांदा गोलकडे करून, स्टिक डोक्यामागून डाव्या खांद्यावर आणून चेंडू सोडतो. बचावपटू उजवी बाजू पूर्ण अडवून बसला असेल तर तो योग्य उत्तर आहे. समोरून मारण्याची वाट मोकळी असताना तो मारणे म्हणजे हातची संधी घालवणे.

मुलींसाठी थोडे वेगळे

महिलांच्या खेळात खळगा उथळ असतो, त्यामुळे चेंडू लवकर सुटतो आणि वर सांगितलेली चुकांची लक्षणे बहुतेक वेळा ‘लवकर’ या बाजूची दिसतात. गोलसमोर आखलेल्या आठ मीटरच्या कमानीवरून मिळणारा फ्री पोझिशन शॉट, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या फाउलनंतरची मोकळी संधी, वेगळा वेळ काढून शिकावा. शिटी वाजल्यावर पहिली दोन पावले किती वेगाने पडतात, यावर त्याचे यश ठरते, म्हणून सराव शिटीवरच करावा. बॉस्टन कॉलेजच्या शार्लट नॉर्थने २०२१ च्या एकाच हंगामात १०२ गोल केले. तिचे फ्री पोझिशन शॉट पाहताना चेंडूकडे न पाहता पावलांकडे पाहावे. बचावपटूच्या अंगावर जाणारा धोकादायक शॉट मारल्यास चेंडू विरुद्ध संघाकडे जातो, हेही ध्यानात ठेवावे.

सराव आणि सुरक्षितता

चेंडू १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा भरीव रबराचा असतो. संरक्षक साधने न घातलेल्या भावंडाला ‘जरा गोलमध्ये उभा राहा’ असे कधीही सांगू नये. गोलच्या चारही कोपऱ्यांत जुने टॉवेल बांधून लक्ष्य करावे आणि गोलच्या मागे कोणी चालत नाही याची खात्री करावी. एका बैठकीत पन्नास-साठ विचारपूर्वक मारलेले शॉट पुरेसे आहेत. खांदा किंवा कंबर दुखू लागली की थांबावे, कारण थकलेल्या शरीराने मारलेले शॉट चुकीची सवय लावतात. एका आठवड्यात एकच नवा शॉट घ्यावा, आणि प्रत्येक बैठकीची सुरुवात भिंतीवरच्या दोन्ही हातांच्या पासने करावी.

गोलरक्षक मिळाला तर त्याला विचारावे की चेंडू त्याला केव्हा दिसला आणि कोणत्या गोष्टीवरून त्याने दिशा ओळखली. ‘तू खालून मारताना आधी डोके खाली घालतोस’ असे एक वाक्य शंभर शॉटपेक्षा जास्त शिकवून जाते.

नवा शॉट सामन्यात प्रथम वापरताना गोलच्या मागे आपला एखादा साथीदार उभा आहे ना, ते पाहावे. पुरुषांच्या मैदानी खेळात गोलकडे मारलेला शॉट मैदानाच्या रेषेबाहेर गेला, तर रेषा ओलांडताना चेंडूच्या सर्वांत जवळ असलेल्या खेळाडूच्या संघाला ताबा मिळतो. साथीदार जागेवर असेल तर चुकलेल्या शॉटनंतरही चेंडू आपल्याकडेच राहतो आणि त्याच चढाईत पुन्हा प्रयत्न करता येतो.